बंदुकीला पैसे नाहीत, मग गणवेश कशाला? – आयरिश व्हॉलंटियर्सच्या अधिकाऱ्याचा तो करडा-हिरवा कोट

साताऱ्याचा_डब्लिनकर
मंडळी नमस्कार. चार वर्षं झाली डब्लिनात येऊन, आणि घरी पाहुणे आले की त्यांना कॉलिन्स बॅरॅक्सच्या नॅशनल म्युझियमला न्यायचं हे आमचं ठरलेलं. ट्रामच्या लाल लाईनला म्युझियम नावाचाच थांबा आहे, तिकीट नाही, पाऊस लागत नाही, पाहुणे खूश. तर परवा रविवारी सासूसासऱ्यांना घेऊन गेलो होतो आणि इंग्रज राज्याविरुद्धच्या १९१६ च्या उठावाच्या दालनात आयरिश व्हॉलंटियर्सच्या गणवेशापुढे मी असा अडकलो की घरचे पुढे निघून गेले ते मला कळलंच नाही.

रंग धड हिरवा नाही, धड करडा नाही. पावसात भिजलेल्या दगडावर शेवाळ धरतं ना, तसा. पितळी बटणं, त्यावर आयरिश हार्प आणि आय-व्ही ही अक्षरं. लोकरी कापड, जाड. घालणारे लोक कोण, तर शाळामास्तर, कारकून, दुकानातले विक्रेते, गवंडी. २५ नोव्हेंबर १९१३ ला डब्लिनच्या रोटंडात सभा झाली आणि ही फौज उभी राहिली. पगारी नाही, सरकारी नाही. दर आठवड्याला थोडे थोडे पैसे भरून सामान घ्यायचं. जुलै १९१४ मध्ये होथच्या धक्क्यावर ज्या ९०० मॉझर रायफली उतरवल्या त्या १८७१ च्या मॉडेलच्या, एका वेळी एकच गोळी मारणाऱ्या. म्हणजे चाळीस वर्षं जुना माल! उठावाच्या सोमवारी डब्लिनात हजार-बाराशे लोक बाहेर पडले, त्यातल्या कितीतरी जणांकडे पूर्ण गणवेश नव्हता, रविवारच्या कोटावरच काडतुसांचा पट्टा अडकवून आले होते.

माझा प्रश्न असा आहे की पैशाची एवढी चणचण असताना माणसं कापड, बटणं, शिलाई, चामडी पट्टा यावर खर्च का करत होती? अधिकाऱ्यांनी तर स्वतःच्या खिशातून मापाने शिवून घेतले. तेवढ्यात आणखी एक बंदूक नसती आली का? मला खरंच समजून घ्यायचंय, रविवारपासून डोक्यातून जात नाहीये.

अळूवडी
वाचतेय. फोटो टाका ना प्लीज, शेवाळाचा रंग नीट डोळ्यापुढे येईना.

जुनी_पानं
छान विषय काढलात. माझ्या मते उत्तर कायद्यात आहे. १९०७ च्या हेग करारात लिहिलंय की सरकारी सैन्याबाहेरच्या स्वयंसेवक पथकांनाही युद्धाचे नियम लागू होतात, पण अटी आहेत: वर जबाबदार अधिकारी हवा, लांबून ओळखू येईल अशी कायमची खूण अंगावर हवी, शस्त्र उघड बाळगायला हवं, आणि लढताना नियम पाळायला हवेत. आता व्हॉलंटियर्स बघा. कंपन्या, बटालियन, हुद्दे, गणवेश, भर रस्त्यात संचलन, सगळं त्याच साच्यातलं. आम्ही दंगलखोर नाही, आम्ही एका देशाचं सैन्य आहोत, हे सांगायचा कोटाइतका सरळ मार्ग दुसरा नव्हता. बंदूक तर दरोडेखोराकडेही असते.

गणवेश ठरवायला त्यांची १९१४ मध्ये रीतसर समिती होती. कापड आलं कॉर्कजवळच्या डग्लस गावच्या लोकर गिरणीतून. आणि टोपीवरचा बिल्ला काढला तो खुद्द ओन मॅकनीलने, जो प्राचीन आयर्लंडच्या इतिहासाचा प्राध्यापक आणि या फौजेचा प्रमुख. सूर्यकिरणांसारखा तारा, मधे एफ-एफ, म्हणजे फिएना फॉल (आयर्लंडचे योद्धे), आणि भोवती ओग्ली ना हेरन, म्हणजे आयर्लंडचे व्हॉलंटियर्स. हाच मॅकनील पुढे उठावाच्या आदल्या दिवशी, रविवारी, पेपरात सूचना छापून सगळ्या हालचाली रद्द करतो! उठावाचा पुढारी पिअर्स आणि मंडळी त्याला डावलून सोमवारी उठतात, त्यानेच काढलेला बिल्ला डोक्यावर लावून. मला या इतिहासातली सगळ्यात जिवाला लागणारी गोष्ट हीच वाटते.

बेळगावचा_बंड्या
जुनी_पानं, तुमचं कायद्याचं पटलं पण पूर्ण पटलं नाही बघा. गणवेश घालून काय मिळालं शेवटी? २९ एप्रिलला पिअर्स पूर्ण गणवेशात, वर ओव्हरकोट घालून, इंग्रज जनरल लो याच्यापुढे शरण गेला. युद्धकैदी म्हणून कोणी वागवलं का? लष्करी कोर्ट, बंद दाराआड, वकील नाही, आणि ३ मेपासून १२ मेपर्यंत १५ जणांना गोळ्या. १४ किल्मेनम तुरुंगात आणि थॉमस केंटला कॉर्कला. इंग्रजांच्या लेखी ते शत्रूला मदत करणारे बंडखोरच राहिले. मग कोट घाला नायतर धोतर नेसा, काय फरक पडला?

आणि मेजर मॅकब्राइड बघा. बोअर युद्धात ट्रान्सवालच्या बाजूने आयरिश पथक घेऊन लढलेला माणूस. उठावाच्या दिवशी तो भावाच्या लग्नासाठी म्हणून डब्लिनात आला होता, अंगात साधा निळा सूट. तसाच बिस्किटाच्या कारखान्यात शिरून लढला. त्यालाही गोळीच घातली. गणवेशवाला आणि बिनगणवेशवाला, दोघांना एकच शिक्षा.

(अवांतर: आमच्या बेळगावात टिळकांनी होमरूल लीग काढली ती पण एप्रिल १९१६ मध्येच. तिकडे डब्लिन पेटलेलं आणि इकडे त्याच महिन्यात आयर्लंडकडून घेतलेला होमरूल हा शब्द घेऊन सभा. लहानपणापासून ऐकत आलोय, तरी दर वेळी अंगावर काटा येतो.)

मांडवाखालचा
व्हॉलंटियर म्हटलं की मला फक्त विसर्जनाला दोरी धरून उभा असलेला मी आणि छातीवरचा "स्वयंसेवक" बिल्ला आठवतो 😄 पण खरं सांगू का, तो दोन रुपयांचा बिल्ला लावला की आवाज आपोआप चढतो आणि लोक बाजूला होतात. बिल्ला काढून तेच वाक्य बोललो तर कोणी हलत नाही. स्वतः करून बघितलंय.

काजबटण_इचलकरंजी
मांडवाखालचा, तुम्ही हसत हसत अगदी मुद्द्याचं बोललात. मी शिंप्याची मुलगी. बाबा बँडवाल्यांचे ड्रेस, होमगार्ड, शाळेच्या एनसीसीचे शिवायचे, पस्तीस वर्षं. मी दहावीपर्यंत दुकानात काजं केलीत, त्यामुळे इतिहासातलं मला काही कळत नाही पण कापडातलं सांगते.

तो जो कोट आहे तो सर्जचा असणार. सर्ज म्हणजे तिरप्या विणीचं लोकरी कापड. टिकाऊ असतं पण शिवायला अवघड, घडी नीट बसत नाही, उलट बाजूने ओलं फडकं ठेवून दाबावं लागतं, नाहीतर कोपरावर आणि कॉलरवर चकाकी येते ती परत जात नाही. भिजलं की वजन दुप्पट झाल्यासारखं वाटतं. आणि तयार शिवलेला कोट आणि मापाचा कोट यात खांद्याला फरक पडतो. तयार मालात खांद्याची शिवण दंडावर ओघळते, माणूस कोणाचा तरी कोट मागून आणल्यासारखा दिसतो. अधिकाऱ्याला ते चालणारच नाही.

आता बाबांची गोष्ट. वर्दीचं माप घेतलं की छातीला ते नेहमीपेक्षा अर्धा इंच जास्त सोडायचे. मी एकदा विचारलं की का, साध्या शर्टाला तर सोडत नाही. ते म्हणाले, पोरगं माप देताना पोक काढून उभं असतं, पण वर्दी घालून आरशात बघितलं की छाती अर्धा इंच वाढते, मग पहिलं बटण ओढतं आणि पोरगं परत येतं तक्रार घेऊन. मी हे शेकडो वेळा बघितलंय. ट्रायलला आलेला लाजरा मुलगा गुंड्या लावेपर्यंत लाजरा असायचा, शेवटची गुंडी लागली की मान सरळ. डब्लिनकरदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या अर्ध्या इंचात दिसतं. कारकुनाने बंदूक घेतली तर तो बंदूक घेतलेला कारकून. कोट घातला की मग तो स्वतःलाच कारकून वाटत नाही.

अळूवडी
काजबटणताई, __/\__ हा प्रतिसाद मी घरी मोठ्याने वाचून दाखवला.

सुभेदार_निवृत्त
राम राम मंडळी. २८ वर्षं पायदळात काढली म्हणून चार शब्द.

त्या आयरिश अधिकाऱ्यांचे फोटो बघा. एडवर्ड डेली घ्या, फोर कोर्ट्स या डब्लिनच्या कोर्टाच्या इमारतीत पहिल्या बटालियनचा कमांडंट, वय २५ फक्त. डी व्हॅलेरा घ्या, पुढे आयर्लंडचा राष्ट्राध्यक्ष झालेला. कमरेला रुंद चामडी पट्टा आणि खांद्यावरून तिरका येणारा बारीक पट्टा, त्याला सॅम ब्राउन म्हणतात. आपल्याकडे पोलिस अधिकारी परेडला लावतात तोच. आता हा पट्टा आला कुठून? सॅम्युअल ब्राउन हा हिंदुस्थानातल्या घोडदळाचा इंग्रज अधिकारी. १८५८ मध्ये पिलीभीतजवळच्या लढाईत त्याचा डावा हात गेला. एका हाताने तलवार उपसायची तर म्यान धरायला दुसरा हात नाही, म्हणून म्यान हलू नये असा पट्टा त्याने बनवला. म्हणजे १८५७ चा आपला उठाव मोडताना हात गमावलेल्या इंग्रजाचा पट्टा, साठ वर्षांनी इंग्रजांविरुद्ध उठलेल्या आयरिश पोरांच्या छातीवर! पायाला गुंडाळायच्या पट्ट्यांना इंग्रजीत पुट्टी म्हणतात, तो आपला पट्टी शब्द. आणि ज्या खाकीपासून वेगळं दिसायला त्यांनी करडा-हिरवा रंग घेतला तो खाकी शब्दही आपल्याकडचाच, खाक म्हणजे धूळ, आणि तो रंग पहिला वापरात आला पेशावरकडच्या गाईड्स पलटणीत.

मूळ प्रश्नावर माझं मत. गणवेश दुसऱ्याला दाखवायला असतो हे खरं पण त्याहून जास्त तो शेजारच्या जवानासाठी असतो. गोळीबार सुरू झाल्यावर माणूस देशाकडे बघत नाही, डावी-उजवीकडे बघतो. तिथे आपल्यासारखाच कोट दिसला तर पाय जागेवर राहतात. हे पुस्तकात वाचून कळत नाही, तिथे उभं राहावं लागतं. आणि पुढाऱ्याचा कोट लांबून ओळखू आला पाहिजे, कारण हुकूम कोणाचा ऐकायचा हे त्या गोंधळात क्षणात कळावं लागतं. त्यात पहिली गोळी त्यालाच बसायची शक्यता जास्त, ते त्यालाही माहीत असतं.

मेघना_ग
सुभेदारकाका, फार सुंदर. पण सगळे कोट पुरुषांचेच चाललेत म्हणून मी बायकांचं घेऊन आले.

मार्गारेट स्किनिडर म्हणून ग्लासगोची गणिताची शिक्षिका होती. ती सिटिझन आर्मीबरोबर, म्हणजे उठावातल्या कामगारांच्या फौजेबरोबर, कॉलेज ऑफ सर्जन्सच्या इमारतीत होती. छतावरून नेम धरायचा असला की ती पुरुषी बेताचा हिरवा गणवेश चढवायची, आणि निरोप घेऊन सायकलवर शहरातून जायचं असलं की परत साधा झगा. दिवसातून असं अदलाबदल! झग्यातल्या बाईला कोणी अडवत नाही, आणि बंदूक धरताना मात्र तिला सैनिक म्हणूनच दिसायचं होतं. डब्लिनकर, तुमचा प्रश्न तिने कपडे बदलूनच सोडवलाय असं मला वाटतं. पुढे तिला तीन गोळ्या लागल्या, वाचली.

उठावातली पुढारी बाई मार्किएविच पण सिटिझन आर्मीचीच. तो गणवेश गडद हिरवा, आणि हॅट एका बाजूने वर टाचलेली, बोअर सेनापती क्रोन्येच्या नावाची. व्हॉलंटियर्सचा करडा-हिरवा आणि हा गडद हिरवा, दोन्ही वेगळ्या फौजा, लोक सर्रास गल्लत करतात.

आणि तो शरणागतीचा फोटो बघितलाय का कोणी? पिअर्स उभा, समोर इंग्रज अधिकारी. पिअर्सच्या ओव्हरकोटाच्या पलीकडे एलिझाबेथ ओफॅरेल उभी आहे, पांढरं निशाण घेऊन हीच बाई गोळ्यांमधून बाहेर आली होती, पण फोटोत तिची फक्त पावलं दिसतात. काही ठिकाणी छापताना ती पावलंसुद्धा पुसून टाकली. कोट राहिला आणि बाई गेली. मला याचा अजून राग येतो.

साताऱ्याचा_डब्लिनकर
मेघनाताई, तो फोटो म्युझियममध्ये बघून मी किती वेळा पुढे गेलोय, पावलं मला कधीच दिसली नव्हती. आता तुमचं वाचून मोबाईलवर मोठा करून बघितला. खरंच आहेत!! बायकोला दाखवला.

शहाणपण_दे
सगळ्यांचं वाचलं, छान लिहिताय, पण मला थोडं वेगळं बोलायचंय, राग मानू नका. त्या आठवड्यात ४८५ माणसं मेली, त्यातली निम्म्याहून जास्त साधी शहरातली माणसं. चाळीसच्या आसपास मुलं. त्यांच्या अंगावर कोणता गणवेश होता? पिअर्सने शरण जाताना लिहून दिलं त्यातही डब्लिनच्या नागरिकांची आणखी कत्तल होऊ नये हेच कारण पहिलं आहे, म्हणजे त्याला ते दिसत होतं. कोटाचं कौतुक करताना कोट न घातलेल्यांची आठवण ठेवा एवढंच.

शिवाय त्याच शहरातल्या हजारो घरांत खाकी होती. पहिल्या महायुद्धात दोनेक लाख आयरिश माणसं इंग्रज सैन्यात होती. १९१४ मध्ये व्हॉलंटियर्समध्ये फूट पडली तेव्हा बहुसंख्य लोक इंग्रजांना युद्धात साथ द्या म्हणणाऱ्या रेडमंड या पुढाऱ्याबरोबर गेले, थोडे हजार मॅकनीलकडे राहिले. टॉम केटल नावाचा प्राध्यापक १९१४ मध्ये व्हॉलंटियर्ससाठी बंदुका घ्यायला बेल्जियमला गेला होता, आणि तोच सप्टेंबर १९१६ मध्ये इंग्रजांच्या गणवेशात फ्रान्समध्ये गिंशीला मारला गेला. तो कमी आयरिश होता का? एका कोटावरून माणूस ठरवू नये.

बेळगावचा_बंड्या
शहाणपण_दे, राग कसला, बरोबर बोललात. केटलचं माहीत नव्हतं. आपले वराहगिरी व्यंकटगिरी, म्हणजे पुढे राष्ट्रपती झाले ते, त्याच काळात डब्लिनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात कायदा शिकत होते, १९१६ पर्यंत. केटल तिथेच प्राध्यापक, आणि गोळ्या घातलेला थॉमस मॅकडोनाही तिथेच इंग्रजी शिकवायचा. एकाच कॉलेजातले दोन मास्तर एका वर्षात गेले, एक करड्या-हिरव्या कोटात आणि एक खाकीत. पोरांनी त्या वर्गात नंतर कसं बसायचं?

जुनी_पानं
बंड्या, मागे तुम्ही विचारलंत की गणवेश घालून काय फरक पडला. मी त्यावर दोन दिवस विचार केला आणि मला वाटतं आपण दोघंही १९१६ च्या आतच अडकलो. हे नाव आणि ही कल्पना त्याहून जुनी आहे.

पहिले आयरिश व्हॉलंटियर्स १७७८ चे. इंग्रज सैन्य अमेरिकेत गुंतलेलं, फ्रान्स युद्धात उतरलेला, आणि किनारा मोकळा. तेव्हा गावोगावच्या जमीनदारांनी, व्यापाऱ्यांनी, वकिलांनी आपापली पथकं काढली. अधिकारी निवडून द्यायचे, सरकारची सनद घ्यायची नाही, आणि गणवेश स्वतःच्या पैशाने. त्यामुळे रंगांची नुसती जत्रा. कोणाचा लाल, कोणाचा निळा, कोणाचा हिरवा. आणि काजबटणताई, हे खास तुमच्यासाठी: इंग्लंडने आयर्लंडच्या लोकरी मालाच्या व्यापारावर बंधनं घातली होती, म्हणून या लोकांनी इंग्लिश माल घेणार नाही असं ठरवलं आणि गणवेश आयरिश कापडाचेच शिवले. ४ नोव्हेंबर १७७९ ला डब्लिनच्या कॉलेज ग्रीनवर सगळे त्या कपड्यांत जमले, तोफा आणल्या, आणि खुल्या व्यापाराची मागणी केली. फ्रान्सिस व्हीटलीने त्याचं भलंमोठं चित्र काढलंय, डब्लिनच्या नॅशनल गॅलरीत आहे. डब्लिनकर, तेही बघून या. एकही गोळी न झाडता पुढच्या काही महिन्यांत व्यापाराची बंधनं सैल झाली आणि १७८२ मध्ये त्यांच्या पार्लमेंटला कायदे करायचा हक्क मिळाला.

म्हणून १९१३ मध्ये हेच नाव पुन्हा घेतलं. आणि म्हणून कॉर्कच्या गिरणीचं कापड. कोटाने एकदा काम केलेलं होतं, त्याची आठवण घरोघर होती. आपल्याकडे १९०५ ला परदेशी कापडाच्या होळ्या पुण्यात पेटल्या, त्या माणसांना हे समजावून सांगावं लागलं नसतं.

काजबटण_इचलकरंजी
अगं बाई! म्हणजे आधी कापडाचं भांडण आणि मग बाकीचं. आमच्या गावात हे पटकन कळेल सगळ्यांना, इथे माग बंद पडला की घर बंद पडतं.

रस्सा_पांढरा
हा धागा जेवताना वाचू नये, रस्सा गार झाला. येऊ द्या अजून.

आयटीतला_हमाल
एक तांत्रिक शंका. उठावानंतर काय झालं या गणवेशाचं? म्हणजे नंतरच्या लढाईत तर ओव्हरकोट आणि टोपी घातलेली माणसंच दिसतात फोटोंमध्ये.

कॉर्कवासी_नीलिमा
ही शंका मी घेते कारण मी कॉर्कमध्येच राहते, सहा वर्षं झाली.

१९१९ ते २१ च्या आयरिश स्वातंत्र्ययुद्धात गणवेश जवळजवळ गेलाच. गनिमी काव्यात ओळखू येणं म्हणजे मरणं. शेतकऱ्याच्या कपड्यात यायचं, मारून शेतात मिसळून जायचं. आपल्याला हे शिकवायला नको. म्हणजे १९१६ ला जे मुद्दाम अंगावर घातलं ते तीन वर्षांत मुद्दाम उतरवलं. पण मधल्या काळात आणि मोठ्या प्रसंगांना तो कोट परत परत येतो, आणि मला त्या जागा जास्त महत्त्वाच्या वाटतात.

टेरेन्स मॅक्स्विनी घ्या. आमच्या कॉर्कचा. १९१७ मध्ये सरकारने त्याला इंग्लंडमध्ये ब्रॉमयार्ड नावाच्या गावात ठेवलं होतं, हद्दपार. तिथे ९ जूनला त्याचं म्युरिएल मर्फीशी लग्न झालं आणि नवरदेव व्हॉलंटियर्सच्या गणवेशात उभा राहिला. शत्रूच्या देशात, नजरकैदेत असताना! लग्नाला माणूस अंगावर सगळ्यात चांगलं घालतो, त्याच्याकडे सगळ्यात चांगलं हे होतं.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये उठावात लढलेला थॉमस अ‍ॅश तुरुंगात उपोषणात जबरदस्तीने अन्न घातल्यामुळे गेला. त्याचं पार्थिवही याच गणवेशात दर्शनाला ठेवलं होतं, आणि अंत्ययात्रेत व्हॉलंटियर्स गणवेश घालून उघड चालले. कबरीपाशी बंदुकांची सलामी झाली आणि पुढे स्वातंत्र्ययुद्धाचा सेनानी झालेला मायकेल कॉलिन्स गणवेशात पुढे येऊन दोन वाक्यं बोलला, बस्स.

मग १९२०. मार्चमध्ये कॉर्कचा महापौर टोमास मॅककर्टन याला घरात घुसून मारलं, त्याच्या ३६ व्या वाढदिवशी. मॅक्स्विनी त्याच्या जागी महापौर झाला, ऑगस्टमध्ये पकडला गेला, ब्रिक्सटन तुरुंगात उपोषण, ७४ दिवस, २५ ऑक्टोबरला गेला. शवपेटीत त्याला परत त्याच फौजेचा गणवेश घातला होता. ७४ दिवस उपाशी राहिलेल्या माणसाच्या अंगावर तो कोट कसा बसला असेल याचा मी फार विचार करते. काजबटणताईंचा अर्धा इंच वाचल्यापासून तर जास्तच.

आपल्याकडे १९२९ ला लाहोरला जतीन दास ६३ दिवसांच्या उपोषणाने गेले तेव्हा मॅक्स्विनीच्या घरून तार आली होती. इथल्या फिट्झजेरल्ड पार्कातल्या म्युझियममध्ये मॅककर्टन-मॅक्स्विनींच्या वस्तू आहेत, कोणी कॉर्कला आलात तर सांगा, मी दाखवीन. नदीकाठी आहे, चहाची पण सोय आहे.

शहाणपण_दे
नीलिमाताई, हे वाचून गप्प झालो. कोटावरून माणूस ठरवू नये हे माझं म्हणणं अजून आहे, पण माणसावरून कोट ठरतो हे मान्य.

सुभेदार_निवृत्त
कॉर्कवासी ताई, सलाम. हाडांवर गणवेश सैल झाला तरी घालतात, आम्ही आमच्या एका जोडीदाराला असाच घातला होता. पाठीमागून कापड दुमडून टाके घालावे लागतात. जास्त लिहीत नाही.

काजबटण_इचलकरंजी
सुभेदारकाका, बाबांनीही दोनदा असं शिवलंय. पैसे घेतले नाहीत.

मांडवाखालचा
इथे येऊन मी दोन रुपयाच्या बिल्ल्याचं बोललो होतो. यंदा विसर्जनाला तो बिल्ला नीट सरळ लावणार, एवढं ठरवलं.

साताऱ्याचा_डब्लिनकर
मंडळी, तीन दिवस रोज ऑफिसातून येताना ट्राममध्ये हा धागा वाचतोय. माझा प्रश्न मी विचारला तेव्हा हिशेबाचा होता, इतक्या पैशात इतक्या बंदुका असा. आता तो तसा विचारवत नाही. जुनी_पानं यांचं कायद्याचं आणि १७७९ चं, सुभेदारकाकांचं शेजारच्या जवानाचं आणि ताईंचा अर्धा इंच, तिन्ही मला एकदम खरे वाटतायत. आणि शहाणपण_दे यांचं नागरिकांबद्दलचं डोक्यात ठेवूनच पुढच्या वेळी त्या दालनात जाणार.

एक सांगायचं राहिलं. मॅकनीलने काढलेला तो एफ-एफचा बिल्ला आजच्या आयरिश सैन्याच्या टोपीवर अजून तोच आहे, आणि सैन्याचं आयरिश नावही ओग्ली ना हेरनच. काल जीपीओ, म्हणजे उठावाचं मुख्य ठाणं असलेलं मोठं पोस्ट, त्यापुढून जाताना एक तरुण सैनिक बसची वाट बघत उभा होता, खांद्यावर मोठी बॅग, हातात कॉफी. टोपीवर तोच तारा. मी इतका टक लावून बघितलं की त्याने मला, काही हवंय का, असं विचारलं. मी बस विचारली आणि निघालो.

अळूवडी, फोटो काढला होता पण काचेत माझाच चेहरा आलाय. शनिवारी परत जातोय, कोणाला काही बघून यायला हवं असेल तर सांगा.

अळूवडी
चेहरा असला तरी चालेल, टाका हो!

काजबटण_इचलकरंजी
दादा, एक काम कराल का? वरून दुसरं काज बघा. रोज घातलेल्या कोटाचं ते काज सगळ्यात आधी सैल होतं, कारण माणूस गळ्याचं बटण मोकळं ठेवतो आणि सगळा ताण दुसऱ्यावर येतो. काजाचा दोरा पिंजारलेला असेल तर कोट भरपूर वापरलेला. कडक आणि सरळ असेल तर फक्त संचलनाला घातलेला. आणि जमलं तर कोपरावर चकाकी आहे का तेही बघा, पण दिवा समोरून नको, बाजूला उभं राहून बघा.

साताऱ्याचा_डब्लिनकर
वरून दुसरं काज, आणि कोपर बाजूने. लिहून घेतलं. म्युझियम उघडलं की लगेच जातो, गर्दी व्हायच्या आत.